सावली कुणाच्या छतावर

उन्हाळा आला की मला लाज वाटायला लागते.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात माणसं घामाघूम होतात, चिडतात, "यंदा लयच तापून राह्यलं बापा" असं दर वर्षी नव्यानं एकमेकांना सांगतात. लाजत मात्र कुणी नाही. मी लाजतो. आमच्या नालवाडीत मार्च संपत आला की कूलर बाहेर निघतात. पत्रे घासले जातात, मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत रस्त्याच्या कडेला येऊन पडतं आणि एखाद्या संध्याकाळी कुणाच्या तरी खिडकीतून ओल्या वाळ्याचा पहिला वास येतो. नोकरीची सगळी वर्षं हा वास म्हणजे मला सुट्टीचा वास होता. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपलेले, शाळेला कुलूप, दुपारी माठातलं पाणी आणि लांबलचक झोप. आता तो वास आला की मी उठून दक्षिणेकडची खिडकी लावून घेतो.

"लावता काऊन? हवा येऊ द्या ना," बायको म्हणते.

धूळ येते, असं मी काहीतरी पुटपुटतो. खिडकीबाहेर शेजारच्या अंगणात एक खोड आहे, माणसाच्या छातीइतक्या उंचीचं. ते मला बघवत नाही.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त झालो आणि छतावर सोलर बसवलं. सूर्याविषयी जन्मभर बोललेल्या माणसानं सूर्याला घरकामाला लावावं, अशी हौस होती. जानेवारीच्या कोवळ्या उन्हात गिरडची अश्विनी शिडी घेऊन आली. पस्तिशीची, कामाला चटपटीत बाई. तिनं लोखंडी सांगाडा ठोकला, दक्षिणेकडे तोंड करून आठ पॅनल बसवले, खाली भिंतीवर इन्व्हर्टरचा पांढरा डबा लावला. गल्लीतले चार लोक बघायला जमले होते. अश्विनी काही सांगणार, तेवढ्यात मीच सुरू झालो. उजेड पडला की पॅनलमध्ये एकाच दिशेनं वाहणारी वीज तयार होते. घरातले पंखे, दिवे चालतात ते उलटसुलट दिशा बदलणाऱ्या विजेवर. म्हणून मध्ये हा डबा. तो एकीचं रूपांतर दुसरीत करतो. आपल्याला लागेल तेवढी आपण वापरायची, उरलेली मीटरमधून बाहेरच्या तारेत जाते.

"सरच सांगून राह्यले, त मी काय सांगू," अश्विनी हसून म्हणाली. लोकही हसले. मला ते फार आवडलं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

कमलताईही तेव्हा आपल्या फाटकात उभं राहून वर बघत होत्या. त्या आमच्याच शाळेत शिपाई होत्या. घंटा द्यायच्या, वर्ग उघडायच्या, खडू आणून द्यायच्या. एकाच ले-आउटमध्ये आम्ही शेजारी-शेजारी प्लॉट घेतले. माझं स्लॅबचं घर झालं, दक्षिणेला त्यांचं टिनाचं. त्यांच्या प्लॉटवर आधीपासून निंबाचं झाड होतं, अगदी दोन्ही घरांच्या मधोमध. ते वाचवायचं म्हणून त्यांनी घराची एक खोली कमी केली होती. मुलगा नागपुरात नोकरीला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यामुळे एक खोली कमी म्हणून काही अडलं नाही आणि निंबानं टिनाचं छत पांघरुणासारखं झाकलं.

त्यांचा उन्हाळा त्या झाडाखाली जायचा. सकाळी त्यांची बाज झाडाच्या पश्चिमेला असायची. ऊन चढलं की बाज खोडाशी यायची, दुपार कलली की पूर्वेकडे, टिनाच्या भिंतीला टेकून. बाजेचे पाय फरशीवरून घासल्याचा आवाज मला आमच्या घरात ऐकू यायचा आणि त्यावरून किती वाजले असतील ते मी ओळखायचो. मे महिन्यात गल्लीतल्या बायका तिथंच शेवयांसारखे सरगुंडे करायला बसायच्या. बारीक काड्यांवर कणकेची दोरी गुंडाळत, उन्हात वाळवलेल्या सोडवून घेत, सासवा-सुनांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. माझी बायको त्यातच. वरून पिकलेल्या निंबोळ्या टपटप पडायच्या आणि परातीत एखादी पडली की मोठा गलका व्हायचा.

मी मात्र सोलर बसवलं त्या उन्हाळ्यात मोबाइल बघत होतो. सोलरनं किती वीज केली याचा आलेख मोबाइलवर दिसतो. सकाळी रेघ वर चढते, दुपारी माथा, संध्याकाळी उतार. मुलांनी चित्रात काढावा तसा डोंगर. फेब्रुवारी-मार्चात माझा डोंगर देखणा होता. एप्रिलमध्ये त्याची संध्याकाळकडची बाजू ढासळली. तीन वाजले की रेघ एकदम खाली यायची. बाहेर पारा रोज वर चाललेला, लोक डोक्याला दुपट्टे गुंडाळून फिरतायत, आणि माझी वीज कमी! ऊन वाढतंय तर वीज वाढायला पाहिजे, एवढं साधं गणित. मग कुणीतरी अडवतंय. मी छतावर जाऊन चारी बाजूंना बघितलं. दक्षिणेला निंब होता, हिरवागार. जानेवारीत त्याच्या शेंड्याची सावली शेवटच्या पॅनलच्या पायाला टेकलेली मी पाहिली होती. माझं निदान तिथल्या तिथं झालं.

तीन वाजता मी छतावर गेलो असतो, तर पुढचं काही घडलं नसतं. पण एप्रिलच्या तीन वाजता आमच्याकडे छतावर कोण जातं? मी गेलो होतो सकाळी आठला, चहा पिऊन.

दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरचं पान आणि पेन घेऊन मी कमलताईंकडे गेलो. त्या बाजेवर बसून चिंचा फोडत होत्या. मी पानाच्या पाठीमागे सूर्य काढला, झाड काढलं, माझं छत काढलं आणि शिकवायला लागलो. घरी आम्ही सगळे वऱ्हाडीच बोलतो. पण काही पटवायचं असलं की माझ्या तोंडी शाळेतली भाषा येते. "हे पाहा ताई, प्रकाशकिरण सरळ रेषेत प्रवास करतात. हे तुमचं झाड, हे माझे पॅनल."

"पन सर," त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात त सावली माह्या टिनावर..."

"ताई, आधी पूर्ण ऐकून घ्या. प्रश्न शेवटी."

हे माझं वर्गातलं ठेवणीतलं वाक्य. कमलताईंनी ते खडू आणता-नेता दारातून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. त्या पुढची चिंच फोडायला लागल्या. मी चित्र पूर्ण केलं, झाडापासून छतापर्यंत तिरपी रेघ ओढली आणि शेंड्याच्या दोन फांद्या काढल्या तरी पुरे, असं सांगितलं. शेवट आला, पण आता प्रश्न विचारा असं मी काही म्हणालो नाही.

त्यांनी पान हातात घेऊन पाहिलं. "तुमी म्हंता त असन सर. छाटून टाका," त्या म्हणाल्या.

मेच्या मध्यावर झाड छाटणारे दोघे आले, कुऱ्हाडी आणि दोर घेऊन. मी माझ्या छतावर उभा राहिलो, साहेबासारखा. दोन फांद्या पडल्या. मोकळं झालेलं आभाळ बघून मला चेव आला. आता चढलाच आहात तर तीही घ्या, अन् ती डावीकडची, आणि ती पुढच्या वर्षी वाढेलच, म्हणजे तीही. बोट दाखवत गेलो, शेवटी छातीइतकं खोड तेवढं उरलं. दुपारपर्यंत गल्लीभर कडू हिरवा वास पसरला, कुठून कुठून बकऱ्या आल्या. साळुंक्या तारेवर बसून ओरडत होत्या. कमलताईंनी छाटणाऱ्यांना गूळ-पाणी आणून दिलं आणि कपाळावर आडवा हात धरून अंगणात उभ्या राहिल्या. त्या अंगणात डोळ्यांवर हात धरावा लागतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आलेख दुसऱ्या दिवशी तसाच आला. तिसऱ्या दिवशीही. धूळ असेल म्हणून मी पहाटे पॅनल धुतले. काही फरक नाही. आठवडाभर मी त्या डोंगराकडे बघत बसलो. शेवटी अश्विनीला फोन केला, जरा रागानंच. तुमचा एखादा पॅनल खराब दिसतोय, म्हणालो.

ती आली तेव्हा नवतपा लागला होता. वर्षातले सगळ्यात जहाल नऊ दिवस. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ती मुद्दाम चार वाजता आली, म्हणाली, बिघाड तीनला होते म्हणता त तीननंतरच पाहावं लागन. मी मागोमाग चढलो. जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता. वर पाऊल टाकलं आणि तिनं विचारलं, "हे जाळी कधी बांधली सर?"

आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीला काही ना काही गुंडाळावंच लागतं, नाहीतर दुपारी नळाला चहाचं आधण येतं. कुणी पोती टाकतं, कुणी चादर. मी विज्ञानाचा माणूस. मी बांबू रोवून टाकीच्या वर हिरवी जाळी ताणली होती, मध्ये हवा खेळावी म्हणून चांगली उंच. टाकी पॅनलच्या पश्चिमेला. सूर्य कलला की जाळीची सावली पहिल्या दोन पॅनलवर येऊन पडत होती, ओल्या फडक्यासारखी पसरून. मी ती बांधली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. माझ्याच हातानं.

"दोनच तर आहेत. बाकीचे सहा उन्हात आहेत ना?" मी म्हणालो.

"हे आठही एका माळेत जोडले सर. एकाची वीज दुसऱ्यातून जाते. एक अडला का बाकीच्याईचाही जोर कमी होते."

एकसर जोडणी. फळ्यावर तीन बल्ब काढून मी ती आयुष्यभर शिकवली. एक काढला की सगळे विझतात, का बरं? हात वर करा.

"अन् उन्हाळ्यात थोडी वीज कमीच राह्यते," अश्विनी सांगत होती. "पॅनलले उजेड पाह्यजे, ताव नाई. तापला का त्याचंही डोकं चालत नाई." बोलता बोलता तिनं दक्षिणेकडे पाहिलं. "इथलं निंबाचं झाड कुठं गेलं?"

"छाटलं."

"काऊन?"

मी सांगितलं. तिनं खाली कमलताईंच्या अंगणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उन्हाळ्यात त त्याची सावली इकडं येतच नाई ना सर," ती हळूच म्हणाली आणि जाळीच्या दोऱ्या सोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी माझा डोंगर पुन्हा गोल झाला. एवढी सुंदर रेघ पाहून एवढं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

आणि खरी लाज तर पुढेच आहे. नवतप्याच्या आसपास आमच्याकडे एक दिवस असा येतो की भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. दर वर्षी भर सुट्टीत मी मुलांना शाळेच्या मैदानावर बोलवायचो. काठी रोवायच्या कमलताई. खड्डा खणून, बुडाशी पाणी ओतून, माती पायानं दाबून, काठी सरळ उभी आहे की नाही ते एक डोळा मिटून बघायच्या. सावली आक्रसत काठीच्या पायात शिरली की मुलं ओरडायची. मग मी विचारायचो, आता उद्यापासून दुपारी सूर्य कुठे? उत्तरेला! मग सावली कुठे पडणार? दक्षिणेला! मधोमध उभं असलेलं झाड हिवाळ्यात मला सावली देत होतं आणि उन्हाळ्यात कमलताईंना. यात न समजण्यासारखं काही नाही. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा तो धडा कमलताईंनी जास्त वेळा ऐकला होता. आणि ऐन उन्हाळ्यात, तो धडा शिकवणाऱ्या माणसानं, त्यांच्या झाडावर सावलीचा आळ घेतला होता.

त्या उन्हाळ्यात त्यांचं टिन तापायला लागलं. कूलर गरम वाफ फेकायचा. सरगुंडे त्या वर्षी अंगणात झालेच नाहीत. बायकांनी दुसरीकडे कुणाच्या तरी पोर्चमध्ये केले. कमलताईंची बाज माझ्या घराच्या भिंतीशी आली, कारण उन्हाळ्यात त्या अंगणात सावली उरली होती ती माझ्या भिंतीचीच, दुपारी जेमतेम हातभर. बाज ओढल्याचा आवाज आता माझ्या उशाशी यायचा. एका दुपारी तो आला नाही. त्यांना ऊन लागलं होतं. बायकोनं तळपायांना कांद्याचा रस चोळला, मग रिक्षा, दवाखाना, सलाईन. तीन दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा ओढणीएवढ्या हलक्या झाल्या होत्या.

"तुमी सांगतलं काय त्याईले?" बायकोनं मला एकदाच विचारलं. जाळीचं तिला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं. त्या बऱ्या होऊ देत, म्हणालो. मग पाऊस येऊ दे, म्हणालो.

पाऊस आला. वादळानं लाइट गेली, तासाभरात लख्ख ऊन पडलं, तरी माझं सोलर बंदच. पुन्हा अश्विनीला फोन. ती म्हणाली, "बाहेरची लाइन गेली का आपला इन्व्हर्टर सोताहून बंद होते सर. खांबावर कोणी तार जोडून राह्यला असन आन् आपली वीज तिकडं गेली, त तो मरन ना." इन्व्हर्टर म्हणे क्षणाक्षणाला बाहेरच्या तारेचा कानोसा घेत असतो. तिकडे सगळं ठीक असेल तरच आपलं देणं सुरू करतो. त्याला हे कुणी तरी शिकवलेलं होतं. मलाही शिकवलं असणार. आईनं, नाहीतर कुण्या मास्तरांनी.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. हिवाळ्यात निंबाच्या शेंड्याची सावली पॅनलच्या पायाशी आली नाही आणि आलेखात त्यानं काडीचा फरक पडला नाही. मी सांगितलं नाही. रोज फाटकात दिसायच्या, "बरे आहात ना सर," म्हणायच्या. मी बरा असायचो.

परवा बायको त्यांच्याकडून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "निंबाले फुटवे आले," ती म्हणाली. "कमलताई म्हंतात, सरले इचारून घे, राहू देऊ का तोडून टाकू? सोलरले अडचन होईन काय?"

मी खिडकी उघडली. खोडाला तांबूस, चमकदार पालवीचे चार झुबके फुटले होते. उन्हापासून जपायला त्यांच्यावर ओलं पोतं आडवं बांधलं होतं. एवढं जपून बांधलं होतं आणि ठेवायचं की नाही हे मला विचारलं होतं.

मी चपला घालून गेलो. दुपार होती. त्या माझ्या भिंतीच्या हातभर सावलीत बाजेवर बसल्या होत्या, आणि मी उन्हात उभा राहून सगळं सांगितलं. जाळी, टाकी, माळेतले दोन पॅनल, झाडाचा काही संबंध नव्हता, अश्विनी आली तेव्हाच मला कळलं होतं, वर्ष झालं त्याला. या वेळी कागद नव्हता. घाईत शब्द मागेपुढे होत होते.

"झालं सर?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मंग आता माहा प्रश्न इचारू काय?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी मी सांगून राह्यली होती, का उन्हाळ्यात सावली माह्या टिनावर पडते. तुमाले ते समजलं नव्हतं, का आयकाचंच नव्हतं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच माहीत करून घ्यायचं असावं, असा साधा आवाज. समजलं नव्हतं, हे सोपं उत्तर होतं. ते दिलं असतं तर त्यांनी मानलंही असतं. उत्तर न येणारी मुलं वर्गात करतात तसं मी जमिनीकडे पाहिलं. माझी सावली माझ्या पायातच पडली होती. त्या दिवशी चिंचा फोडता फोडता त्या "माह्या टिनावर" म्हणाल्या तेव्हा मैदानातली काठी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली होती, इतकी स्पष्ट की तिच्या बुडाशी ओतलेलं पाणीसुद्धा दिसलं होतं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

"समजलं होतं, ताई," मी म्हणालो. "तुमी बोलल्या तवाच समजलं होतं. पन माहं चित्र अर्धं काढून झालतं."